पाणी तापलं तर मासे सवय करून घेतील का?

पेडण्याहून एक प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरात खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खोलगट जमिनीतली, एक मानस (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार आणि तिथली मासेमारी) पावणीने, म्हणजे लिलावात, घेण्याचा रिवाज जुना आहे. गेले काही उन्हाळे एप्रिल-मे महिन्यांत पहाटे त्यांना पोंयीतले, म्हणजे मानशीमागच्या तळ्यातले, शेवटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. काळुंदर कमी मिळू लागलं आहे. आणि यंदा त्यांना चोणकाचं, म्हणजे जिताड्याचं, बी (लहान पिल्लं) सोडायचं आहे. त्यांचं म्हणणं असं: निसर्गात सगळेच प्राणी जुळवून घेतात, मासे तर माणसाच्या कितीतरी आधीपासून जगत आले आहेत, मग पाणी अंशभर तापलं म्हणून एवढी काळजी का करायची? आणि तारले-बांगडे जागा बदलत आहेत असं जे कानावर येतं, त्यात तथ्य किती?

मी खाजणातली मत्स्यशेती आणि खाडीतली शिंपली यांवर अनेक वर्षं काम करत आले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी थोडक्यात सांगते. मासे जुळवून घेतात, नक्की घेतात. पण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या माशांकडे वरच्या बाजूला जागा फार थोडी आहे, आणि ती जागा किती हे बऱ्याचदा पाण्यातल्या ऑक्सिजनवर ठरतं. तुमच्या पोंयीत पहाटे जे दिसतं ते हेच आहे.

माशाला स्वतःची ऊब नसते. कुप्यासारखे (ट्यूना) मोजके अपवाद सोडले तर जे पाण्याचं तापमान तेच त्याच्या रक्ताचं, यकृताचं, हृदयाचं. पाणी दहा अंशांनी तापलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो, म्हणजे नुसतं जिवंत राहायलाही तेवढा जास्त ऑक्सिजन लागतो. आणि नेमकं तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.६ च. समुद्राच्या पाण्यात हेच आकडे ७.४ आणि ६.२ च्या आसपास येतात. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरावं आणि त्याच आठवड्यात नळाचं पाणी निम्म्यावर यावं, अशी ही अडचण आहे.

उथळ पोंयीत ती रोज रात्री तीव्र होते. दिवसा शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती ऑक्सिजन बनवतात, दुपारी तीनला मीटर लावला तर आकडा छान दिसतो. सूर्य मावळला की तीच वनस्पती, तळातला गाळ, जिवाणू आणि मासे मिळून तो खाऊ लागतात. पाणी जितकं गरम तितकं हे खाणं वेगाने, म्हणून पहाटे पाचच्या सुमाराला आकडा दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत उतरतो आणि शेवटे वर येतात. पाण्याचा सगळ्यात वरचा पातळ थर हवेला लागून असतो, त्यात थोडा जास्त ऑक्सिजन असतो. मासा तिथलं पाणी कल्ल्यांवरून नेतो. हे त्याचं जुळवून घेणंच आहे, आणि त्याची किंमतही लगेच दिसते: वर आलेला शेवटा बगळ्याच्या आणि घारीच्या हाताशी येतो.

काही दिवस ते काही आठवडे मिळाले तर मासा शरीरातच बदल करतो. हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. पेशींभोवतीचं पटल मेदाचं असतं. ते थंडीत घट्ट होऊ नये आणि उष्णतेत पातळ होऊ नये म्हणून मासा त्यातल्या मेदाम्लांचं प्रमाण बदलतो. गरम पाण्यात संपृक्त मेदाम्लं वाढवतो, थंडीत असंपृक्त. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या पुन्हा नीट घालणारी हीट शॉक प्रथिनं पेशी भराभर बनवू लागते. एकदा सोसलेली उष्णता पुढचे काही तास-दिवस थोडं संरक्षण देते ते यामुळेच.

कल्ल्यांचं तर विचारूच नका. युरोपातल्या क्रूशियन कार्प नावाच्या माशाच्या कल्ल्यांच्या बारीक पाकळ्या थंड, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात पेशींच्या थराखाली झाकलेल्या असतात. पाणी तापलं किंवा ऑक्सिजन घटला की तो थर झडतो, पाकळ्या उघड्या पडतात आणि श्वासाचा पृष्ठभाग सुमारे साडेसात पट होतो. गोल्डफिशही हे करतो. मग मासा हा पृष्ठभाग कायमच उघडा का ठेवत नाही? कारण ज्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत येतो त्यातूनच क्षार आणि पाणी यांची गळती होते, आणि ती भरून काढायला पुन्हा ऊर्जा लागते. आपल्या खाडीत हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात खाजणातलं पाणी बाष्पीभवनाने खारट होत जातं आणि तापतंही. त्या वेळी माशाला श्वासही जास्त हवा असतो आणि क्षारांचा हिशेबही जास्त कडक ठेवावा लागतो.

प्रत्येक बदल असा ऊर्जेवर चालतो. ती ऊर्जा येते अन्नातून, आणि जाते वाढीतून व अंड्यांतून. गरम पाण्यातले मासे लहानपणी भरभर वाढतात, लवकर प्रजननाला येतात, पण पूर्ण वाढ झाल्यावर अंगाने लहान राहतात. अनेक जातींमध्ये हे दिसून आलं आहे. म्हणून मासा जिवंत आहे एवढ्यावरून त्याने जुळवून घेतलं असं मी म्हणणार नाही. त्याचं वजन बघा, गाभोळी बघा.

आता ही सवय किती लागते? प्रयोगशाळेत पाणी हळूहळू तापवत नेतात आणि मासा तोल घालवतो ते तापमान नोंदतात. राहणीचं पाणी एक अंशाने गरम ठेवलं तर ही मर्यादा साधारण एक तृतीयांश ते अर्धा अंश वर सरकते. म्हणजे पाणी जेवढं पुढे जातं तेवढं शरीर जात नाही, मधलं अंतर कमी होत राहतं. आणि जे आधीच जास्त उष्णता सोसतात त्यांच्याकडे वाढीव जागा कमी असते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पोर्सेलेन खेकड्यांवर जोनाथन स्टिलमन या शास्त्रज्ञाने काम केलं, त्याचा निष्कर्ष २००३ मध्ये आला: खडकावर सर्वात वर राहणाऱ्या, सर्वात जास्त उष्णता सोसणाऱ्या जातींनाच मर्यादा आणखी वर नेणं सर्वात कमी जमतं. लोकांना उलटं वाटतं. आमचे मासे उन्हाचेच, त्यांना काय होणार, असं मला बांधाबांधावर ऐकायला मिळतं. उन्हाचे आहेत म्हणूनच ते छताजवळ आहेत. गोव्यासमोरचा समुद्र एप्रिल-मेमध्ये पृष्ठभागावर ३० अंशांच्या आसपास असतो, उथळ पोंय तर दुपारी त्याच्याही वर जाते.

ऑक्सिजन अपुरा पडणं हीच माशाची उष्णतेची खरी मर्यादा, हा विचार जर्मनीतल्या हान्स-ओटो पोर्टनर यांनी ठामपणे मांडला. तो सगळ्या जातींना लागू पडतो असं नाही. काही मासे भरपूर ऑक्सिजन देऊनही त्याच तापमानाला कोसळतात, आणि शास्त्रज्ञांमध्ये यावर वाद चालू आहे. पण उथळ, गाळाच्या, रात्री दमट आणि वारा नसलेल्या खाजणापुरतं विचाराल तर मी आधी ऑक्सिजन मोजीन आणि मग थर्मामीटरकडे बघीन.

खाडीतल्या इतर जीवांकडे पाहिलं तर युक्त्या आणखी निराळ्या. चिखलातली निवटी मासाच, पण ती कातडीतून आणि तोंडाच्या पोकळीतून हवेतला ऑक्सिजन घेते, ऊन चढलं की ओल्या बिळात शिरते. शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले), कालवे आणि तिसऱ्या यांना पळता येत नाही. ओहोटीला उन्हात सापडले की ते शिंपला घट्ट मिटतात, हृदयाची गती उतरवतात आणि ऑक्सिजनाविना ऊर्जा काढण्याच्या मार्गावर जातात. तो मार्ग काही तासांपुरता आहे, शरीरात आम्ल साचत जातं. भरती वेळेवर आली तर निभावतं. दुपारची ओहोटी, मे महिना आणि सलग कडक दिवस असे तिन्ही जुळले की खडकावरचा वरचा पट्टा मरतो आणि शिनाण्यांची वरची रेघ खाली सरकते. गोव्यातल्या चिखलीच्या खाडीतल्या खिडक्यांच्या शिंपल्यांबद्दल (पूर्वी खिडक्यांना काचेऐवजी लावत ते चपटे शिंपले) मला जास्त धास्ती वाटते, कारण ते चिखलावर पडून राहतात आणि त्यांच्यावर गाळाचाही भार आहे.

गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या कासवांचं एक वेगळंच. वाळूत अंडं कोणत्या तापमानाला उबतं त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या वयात न आलेल्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या आहेत. मादी कासव घरटं थोडं आधी किंवा सावलीत करू शकते, पण किनाऱ्यावर सावली उरली असेल तर.

तुमचा दुसरा प्रश्न, तारले-बांगड्यांचा. यात तथ्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या, अभ्यासानुसार १९८५ पूर्वी तारल्यांची जवळजवळ सगळी पकड ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या मलबार पट्ट्यातून येत असे. त्यानंतर १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातली पकड वाढत गेली. गोवा १५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे या सीमेला लागूनच. बांगड्याने दुसरा मार्ग धरला, तो खाली गेला. १९८५ ते १९८९ या काळात देशातल्या बांगड्याच्या पकडीतली फक्त २ टक्के तळाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात येत होती. २००३ ते २००७ मध्ये ती सुमारे १५ टक्के झाली. जाळी आणि बोटीही या काळात बदलल्या, हे विसरून चालणार नाही. तरी वरचं पाणी तापल्यावर मासा थंडाव्यासाठी खोल जातो हे कारण पटण्यासारखं आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर राणी माशाने जागा बदलण्याऐवजी वेळ बदलली. उन्हाळी महिन्यांतली त्याची वीण कमी होऊन ऑक्टोबर ते मार्चच्या थंड महिन्यांकडे सरकली.

तारल्यांच्या बाबतीत सगळं तापमानावर ढकलणं मला मान्य नाही. केरळात २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात असलेली त्यांची पकड २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली होती. एवढ्या घसरणीत एल निनो, खाद्य कमी होणं आणि लहान पिल्लांची बेसुमार पकड हे सगळं एकत्र आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की पश्चिम हिंदी महासागर शतकभरात सुमारे १.२ अंशांनी तापला. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्या पोषक पाण्याशी त्याची मिसळ कमी होते, मग सूक्ष्म वनस्पती घटतात. तारले थेट त्यांच्यावरच जगतात.

खोल जाणाऱ्या माशासाठी आपल्या किनाऱ्यावर आणखी एक संकट आहे आणि ते गोव्याच्या दारातच मोजलं गेलं आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर एका ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षं पाणी तपासते. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडसर, हलकं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे खालच्याला हवा लागत नाही. तळातले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडतो, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. ही स्थिती वाढत असल्याचं या संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलं. म्हणजे बांगड्याला वर उष्णता आणि खाली श्वास नाही. मधला राहण्याजोगा थर पातळ होतो, मासे त्यात दाटतात आणि जाळ्यात सहज सापडतात. कधी अचानक मोठी पकड आली की लोकांना वाटतं समुद्रात मासा वाढला. माझं मत असं की अशा पकडीनंतर बंदराला आनंदापेक्षा चौकशीची जास्त गरज असते.

प्रौढ मासा बरंच सोसतो. कच्चा दुवा आहे तो गाभोळीची मादी आणि अंडी. २०२० मध्ये जवळजवळ ७०० जातींच्या माहितीचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं: अंड्यातला जीव आणि विणीला आलेला मासा यांचा सोसण्याचा पट्टा सर्वात अरुंद असतो. अंड्यातल्या पिल्लाला कल्ले नसतात, हृदय नीट बनलेलं नसतं. मादीच्या पोटात अंड्यांचं वाढीव मांस असतं आणि त्यालाही ऑक्सिजन पुरवायचा असतो. म्हणून मोठे मासे पोंयीत दिसतात आणि पुढच्या वर्षी पिल्लं येत नाहीत, असं होऊ शकतं. तुमच्या काळुंदराच्या बाबतीत मी इथेच शोध घेईन. हा मासा अंडी काठाजवळच्या खोडांवर, दगडांवर चिकटवतो आणि नर-मादी त्यांची राखण करतात. काठाचं पाणी सर्वात आधी तापतं. काठची खारफुटी तोडली असेल तर सावलीही गेली आणि अंडी चिकटवायची जागाही.

मग पिढ्यानपिढ्या बदल होणारच, असं तुम्ही म्हणता. होतात. ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका डॅमसेल माशात आई-वडील गरम पाण्यात वाढले तर पिल्लांची श्वासाची क्षमता त्या तापमानाला सुधारलेली आढळली. जनुकं न बदलता मिळालेला हा वारसा आहे. जनुकांतल्या बदलाचा वेग मात्र निराश करणारा आहे. आपल्याकडच्या ओढ्यांतला झेब्राफिश घेऊन नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी सुमारे वीस हजार मासे, सहा पिढ्या निवडून वाढवले, दर पिढीत उष्णता सोसणारेच पुढे ठेवले. इतकी कडक निवड करूनही मर्यादा पिढीमागे ०.०४ अंशच वर गेली. झेब्राफिशची पिढी काही महिन्यांची. तारला साधारण वर्षभरात विणीला येतो. चोणक आधी नर असतो, तीन-चार वर्षांनी प्रजननक्षम होतो आणि आणखी काही वर्षांनी मादी बनतो. त्याच्या पिढ्यांच्या हिशेबाने पाण्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. फक्त एक आशेची बाजू आहे: एकाच जातीत प्रदेशाप्रमाणे फरक असतो. ऑस्ट्रेलियात उत्तरेकडचे चोणक दक्षिणेकडच्यांपेक्षा गरम पाण्यात चांगले टिकतात. ही विविधता राहावी म्हणून खाडीतले मोठे, जुने चोणक वाचणं गरजेचं आहे. लहान असतानाचे सगळे नर आणि मोठ्या झालेल्या सगळ्या माद्या बाजारात, असं झालं तर निवड करायला निसर्गाकडे उरेल काय?

आता पोंयीचं काम. ऑक्सिजन मीटर भाड्याने किंवा चार मानसवाल्यांनी मिळून घ्या आणि पहाटे पाचला तळाजवळ मोजा. दुपारचा आकडा फसवा असतो. भांगाच्या दिवसांत भरतीचा जोर नसतो, पाण्याची अदलाबदल कमी होते. ढगाळ, बिनवाऱ्याची रात्र त्यातच आली तर ती सर्वात धोक्याची. त्या रात्री खाद्य बंद, पॅडलव्हील एरेटर (पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर रात्री दहापासून सकाळी ऊन येईपर्यंत चालू. उधाणाला मानशीतून जितकं ताजं पाणी घेता येईल तितकं घ्या, पण शेतात खारं पाणी चढेल इतकं नाही. बांधाच्या टेनंट असोसिएशनला, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला, विचारूनच दारांना हात लावा. पोंयीचा एक कोपरा फेब्रुवारीतच गाळ काढून खोल करा, दुपारी मासे तिथे उतरतील. काठची खारफुटी राहू द्या. पाग किंवा जाळं टाकणं, मासे हाताळणं हे सकाळी ऊन चढायच्या आत. आणि पहिल्या पावसाच्या आठवड्यात जागं राहा: खाजणाच्या मातीतलं आम्ल धुऊन येतं, वर गोड पाण्याचा थर बसतो, आणि उन्हाळा कसाबसा काढलेले मासे त्या दोन दिवसांत मरतात.

चोणक जरूर सोडा, पण मार्च-एप्रिलमध्ये नको. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा त्याचं बी हॅचरीत तयार केलं, तेव्हापासून खात्रीचं बी मिळतं. पावसाळा ओसरल्यावर, खाडीचा खारटपणा परत आला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बोटभर लांबीचं, एकाच मापाचं बी घ्या. मापात फरक असला की मोठे लहानांना खातात. संख्या तुमच्या मनात आहे त्याच्या निम्मी ठेवा. मार्च संपायच्या आत मोठे झालेले मासे काढून विका, म्हणजे एप्रिलच्या पहाटेला पोंयीत श्वास घेणारी तोंडं कमी असतील. उरलेल्यांना मे महिन्यात निम्मंच खाद्य द्या. वाढ थांबेल, ती पावसानंतर भरून निघते.